अकोल्याची मॅट्रिक आणि इंग्रजीचा उतारा

हे या भागाचं लेखी रूप. बसमध्ये नेटवर्क जातं, अभ्यासिकेत हेडफोन चालत नाही, म्हणून वाचायला द्या असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. घ्या.

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा एपिसोड लावतील. इंग्रजीचा पेपर. त्यातही व्याकरण आणि उतारा. पण मी टिप्स द्यायला बसलेलो नाही, त्यासाठी यूट्यूबवर दीड-दोन लाख सर आहेत. मला इतिहासात रस आहे. हा असा पेपर आला कुठून, आपल्या वऱ्हाडात तो कोणी दिला, आणि त्या तयारीचं त्या माणसानं पुढं काय केलं, हे सांगायचंय.

आधी माझ्या मावसभावाचं सांगतो, कारण प्रश्न त्याचा आहे. तो वाशीमला खोली करून राहतो आणि एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करतो. घरची शेती रिसोड तालुक्यात, सोयाबीन आणि तूर. मुख्य परीक्षेत मराठीसोबत इंग्रजी आहेच, ते टळत नाही. रात्री अकराच्या सुमारास त्याचा व्हॉट्सॲप येतो, एखाद्या उताऱ्याचा फोटो आणि खाली एक वाक्य. मागच्या महिन्यात त्यानं लिहिलं, "दादा, शब्द सगळे येतात. उतारा मात्र समजून नाही राहिला."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. शब्द येत नाहीत, ही तक्रार सगळे करतात आणि तिच्यावर उपाय म्हणून रोजचे वीस शब्द पाठ करतात. शब्द येऊनही वाक्य हाती लागत नाही, ही तक्रार वेगळी आहे. आणि ही तक्रार जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी अकोल्यात एक मुलगा तिच्याशीच झगडत होता, असं मला वाटतं.

तर मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली. पास झालेल्या मूठभर मुलांत महादेव गोविंद रानडे होते. ही परीक्षा इंग्रजीतून. नुसती इंग्रजी भाषा यायला हवी असं नाही, तर इतिहास-गणितसुद्धा इंग्रजीतूनच लिहायचं. आणि इंग्रजीच्या तयारीत काय असायचं? व्याकरण, भाषांतर, दिलेला परिच्छेद आपल्या शब्दांत सोपा करून लिहिणं, आणि वाक्य सोडवणं. सोडवणं म्हणजे गणितासारखं. कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, मुख्य वाक्य कुठलं, त्याला लटकलेलं दुसरं वाक्य कुठलं. आजचा 'रीडिंग कॉम्प्रिहेन्शन' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण काम तेच होतं. वाचलेलं खरोखर कळलं का, ते बघणं.

आता वऱ्हाड. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. वाशीम तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं, इंग्रज त्याला 'बासिम' लिहीत. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. म्हणजे आमचा जिल्हा वयानं जवळजवळ माझ्याएवढाच आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला जिल्हा म्हणजे अकोला, कोर्टकचेरी अकोला, मोठा दवाखाना अकोला, आणि मोठं शिक्षणही अकोलाच.

त्या अकोल्यात, १८७० नंतरच्या वर्षांत, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा एक मुलगा नातेवाइकांकडे येऊन राहिला. गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६. घरची गरिबी अशी, की त्याआधी कऱ्हाडला कचेरीत उमेदवारी करून झाली होती, दवाखान्यात औषधं कालवून झाली होती, शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीला पायी जाऊन झालं होतं. शेवटी अकोल्याच्या हायस्कुलात जम बसला. तिथं असतानाच तो 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लिहायला लागला. १८७५ साली तो तिथूनच मॅट्रिक झाला आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला.

आपल्याकडे आगरकर म्हटलं की पुणे, 'केसरी', टिळकांशी भांडण, 'सुधारक'. शाळेच्या पुस्तकात अकोला एका ओळीत संपतं. मला हे पटत नाही. माणूस घडतो तो बऱ्याचदा त्या एका ओळीत.

कारण अकोल्याला त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी भेटले. हे तिथले शिक्षक. त्यांनी या मुलाला पुढच्या शिक्षणासाठी पैशाची मदत केली, हे आगरकरांच्या चरित्रात येतंच. पण महाजनींची दुसरी बाजू मला जास्त रंजक वाटते. या गृहस्थांनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन' नाटकाचं मराठीत 'तारा' केलं, १८७९ साली. आणि आगरकरांनी पुढे 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, १८८३ साली. अकोल्याच्या एका शाळेतले गुरू-शिष्य, चार वर्षांच्या अंतरानं, दोघंही शेक्सपिअर मराठीत आणतायत. आता हे काम शब्दकोश घेऊन बसून होत नाही. शेक्सपिअरच्या वाक्यात कर्ता इथं, क्रियापद चार ओळींनी, मधे उपमा. ते वाक्य सोडवता आल्याशिवाय मराठीत उभं राहणारच नाही. म्हणजे मॅट्रिकला मार्कांसाठी जे करायचं, तेच इथं खऱ्या कामाला लागलं.

आणि मग १८८८. या वर्षी आगरकरांनी 'केसरी' सोडल्यावर स्वतःचं 'सुधारक' सुरू केलं. ते अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी होतं, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले बघायचे. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षीचं त्यांचं दुसरं पुस्तक मात्र कुणी काढत नाही. त्याचं नाव 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण'. विषय: मराठी वाक्य कसं बनतं आणि ते कसं सुटं करायचं. बालविवाह, केशवपन, सोवळंओवळं यांवर ज्याची लेखणी तुटून पडत होती, ज्याची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत लोक पुढे गेले, त्या माणसानं उद्देश्य आणि विधेय यांवर पुस्तक लिहिलं. का लिहिलं असेल?

माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे. ज्याला वाक्य सोडवता येतं त्याला युक्तिवाद सोडवता येतो. 'शास्त्रात असं आहे म्हणून असं केलं पाहिजे' या वाक्यात 'म्हणून'च्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे, हे वेगळं करून दाखवणं, हेच तर आगरकरांचं आयुष्यभराचं काम होतं. इंग्रजीच्या पेपरात शिकलेलं हत्यार त्यांनी मराठीत आणून ठेवलं.

थोडं मागे जाऊन एक गंमत सांगतो. आपण मराठी व्याकरण म्हणून जे पाठ करतो, त्याचा साचा बराचसा इंग्रजीवरूनच घेतलेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, त्यांचं व्याकरण १८३६ सालचं. समोर नमुना होता लिंडले मरे या माणसाच्या इंग्रजी व्याकरणाचा. शब्दांच्या आठ जाती, नाम सर्वनाम विशेषण क्रियापद वगैरे, हा आकडा इंग्रजीतल्या आठ 'पार्ट्स ऑफ स्पीच'चा आहे. आपल्याकडे यास्कानं जुन्या काळी चारच मोजले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. तसंच विरामचिन्हांचं. जुनी मोडी कागदपत्रं बघा, शब्दांच्या मधे जागासुद्धा सोडलेली नसते, स्वल्पविराम कुठून येणार? मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं छोटं पुस्तक काढलं आणि हे ठिपके-रेघा मराठीत रुळायला लागल्या. सगळ्यांना हे आवडलं नव्हतं. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं, त्यात आधीच्या व्याकरणकारांची भरपूर झाडाझडती आहे.

म्हणजे मावसभाऊ जेव्हा म्हणतो की मला इंग्रजी ग्रामर येत नाही, तेव्हा मी त्याला सांगतो, लेका, त्यातलं निम्मं तू सहावीतच मराठीच्या तासाला शिकला आहेस. ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, हे भाषांतर नाही, ती एकच गोष्ट आहे. घाबरायचं ते उरलेल्या निम्म्याला.

आणि उरलेलं निम्मं कुठलं? इथं जरा थांबू, कारण उतारा न समजण्याचं कारण इथं आहे.

हे वाक्य घ्या: 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी.' परीक्षेत विचारतात, 'इज' की 'आर'? आपली पोरं हमखास 'आर' करतात. सर म्हणतात, लक्ष नाही. मी म्हणतो, लक्ष आहे, पण मराठी कानाचं आहे. मराठीत हेच वाक्य 'आंब्यांची पेटी जड आहे'. बघा, मराठीत 'आंब्यांची' आधी येतं आणि खरा कर्ता, 'पेटी', क्रियापदाच्या बाजूला सरकतो. आपल्याला सवय आहे की क्रियापदाच्या जवळचं नाम बहुतेक वेळा कामाचं असतं. इंग्रजीत वर्णन नामाच्या मागे जोडतात. त्यामुळे 'बॉक्स' लांब राहतो आणि 'मँगोज' क्रियापदाला खेटून उभे राहतात.

आता हेच मोठं करा. 'द फार्मर हू सोल्ड हिज सोयाबीन टू द ट्रेडर्स हॅज गॉन होम.' मराठीत: 'व्यापाऱ्यांना सोयाबीन विकलेला शेतकरी घरी गेला.' किंवा 'ज्या शेतकऱ्यानं सोयाबीन विकलं, तो घरी गेला.' दोन्हीत शेवटचा तुकडा सुटसुटीत: शेतकरी घरी गेला, तो घरी गेला. इंग्रजीत शेतकरी पहिल्या टोकाला, घरी जाणं शेवटच्या टोकाला आणि मधे सगळा बाजार भरलेला. परीक्षेच्या उताऱ्यात तो बाजार तीन ओळींचा असतो. मराठी वाचक क्रियापदाची वाट बघत शेवटपर्यंत जातो, कारण आपलं क्रियापद शेवटीच येतं, आणि तिथं पोचेपर्यंत कर्ता कोण होता तेच विसरतो. शब्द सगळे येतात, उतारा समजत नाही. हेच ते.

यावरचा जुना उपाय म्हणजे वाक्यपृथक्करण. पेन्सिलीनं मधला बाजार कंसात टाकायचा. उरलेलं वाचायचं. मग कंस उघडायचा. आगरकरांच्या काळच्या मुलांना हे घोटून घ्यावं लागे. आपल्याकडे मात्र ते 'वाक्याचा प्रकार ओळखा' अशा दोन मार्कांच्या प्रश्नात जाऊन बसलं, आणि मग केवल, मिश्र, संयुक्त हे शब्द पाठ करून काम भागायला लागलं.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही कोड लिहितो तेव्हा संगणक तो आधी 'पार्स' करतो, म्हणजे वाक्य सोडवतो, आणि त्याचं झाड बनवतो. एक कंस बंद करायचा राहिला की चाळीस ओळींनी खाली जाऊन एरर देतो. हा 'पार्स' शब्द आमचा नाही, इंग्रजी शाळेतल्या व्याकरणाच्या तासाचा आहे, आणि तिथं तो लॅटिनमधून आला, 'शब्दाची जात कुठली' या प्रश्नातून. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे नियम लिहायची जी पद्धत बॅकसच्या नावानं ओळखली जाते, तिला पाणिनीचंही नाव जोडावं, असं इंगरमन नावाच्या एका संशोधकानं १९६७ साली सुचवलं होतं. बीटेकला कंपायलरचा विषय शिकताना मला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते हेच. मॅडम इंग्रजीत शिकवत होत्या आणि मी वहीत उद्देश्य-विधेय लिहीत होतो.

मॅट्रिकनंतरची गोष्ट पटकन सांगतो. घराघरांत आली ती तर्खडकर भाषांतर पाठमाला, तीन भाग. आमच्याकडे दुसरा भाग अजून आहे, पुठ्ठा नाही, आजोबांच्या अक्षरात उत्तरं लिहिलेली. नियम, उदाहरण, मग मराठी वाक्यं इंग्रजीत करा. त्या पिढीचं इंग्रजी पक्कं, पण बोलायला अवघडणारं, ते यामुळे. मग १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन आले. यातले पी. सी. रेन हे १९०३ पासून भारतात शिक्षण खात्यात होते, कराचीच्या हायस्कूलचे हेडमास्तर होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. त्यांनीच 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच सैन्यावरची कादंबरी लिहिली, तिच्यावर सिनेमे निघाले. ज्यानं आपल्याला टेन्सेसचा तक्ता पाठ करायला लावला, त्याच्या डोक्यात सहारा वाळवंटातल्या लढाया चालू होत्या. बरं वाटलं मला हे कळल्यावर.

सारांशलेखन मात्र कचेरीतून आलं. जाडजूड फाइल साहेबासमोर जायच्या आधी कारकुनानं तिचा एक पानी गोषवारा करायचा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तीनशे मार्कांचा इंग्रजीचा सक्तीचा पेपर आहे, नुसता पास व्हायला पंचवीस टक्के लागतात, मार्क गुणवत्ता यादीत धरत नाहीत. त्यात आजही उतारा आणि सारांश आहे.

आता ज्यावर लोक भांडतात ते. हा पेपर म्हणजे गाळणी आहे का? होती, आणि आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला निवेदन दिलं, त्यात हेच होतं की शेतकऱ्याच्या करातून पैसा येतो आणि वरच्या शिक्षणावर, वरच्या वर्गावर खर्च होतो, खालच्या शाळांना काही मिळत नाही. ते निवेदन त्यांनी इंग्रजीत दिलं, हे लक्षात ठेवा. केशवसुतांसारखा कवी मॅट्रिक झाला तो १८८९ साली, विशी उलटून गेल्यावर. मराठी कविता बदलून टाकणाऱ्या माणसाला या परीक्षेनं इतकं थांबवलं.

अगदी अलीकडे, २०११ साली यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट आलं. त्यात इंग्रजी आकलनाचे थोडेसे प्रश्न होते, त्यावरून २०१४ मध्ये दिल्लीत मुलं रस्त्यावर उतरली. सरकारनं ऑगस्टमध्ये जाहीर केलं की ते मार्क धरणार नाही. पुढच्या वर्षी अख्खं सीसॅट तेहतीस टक्क्यांच्या पासिंगवर आलं. आंदोलनाची एक मागणी तर फारच बरोबर होती. इंग्रजी प्रश्नांचं हिंदी भाषांतर इतकं यांत्रिक असायचं, की हिंदीवाल्यालाही आधी मनात इंग्रजी करून मग ते समजून घ्यावं लागे. आणि आमच्या मराठी पोरांना तर पूर्वपरीक्षेत मराठीचा पर्यायच नाही.

आपल्या राज्यानं दुसरा रस्ता घेतला. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी पाचवीपासून असायचं. माझी बॅच पहिलीपासूनवाली. मोठ्या चुलतबहिणीची पाचवीपासूनवाली. प्रामाणिकपणे सांगतो, व्याकरण तिचंच पक्कं आहे. आम्हाला फळं-फुलं-रंग लवकर आले, वाक्य उशिरा आलं. पहिलीपासून ठेवावं की नाही यावर माझं मत ठाम नाही. पण इंग्रजीचं वाक्य मराठीच्या वाक्याशेजारी ठेवून शिकवायला हवं, यावर ठाम आहे. पाचवीपासून शिकलेल्यांना नकळत तसं मिळालं, कारण तोवर मराठी वाक्य घट्ट झालेलं होतं.

आणि वाशीमच्या पोरांनी भाषेच्या बाबतीत खाली मान घालायचं काही कारण नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या सर्वसेन राजानं चौथ्या शतकात प्राकृतात 'हरिविजय' काव्य लिहिलं. पुढे राजशेखरानं काव्याच्या रीती सांगताना 'वच्छोमी' म्हणून एक सांगितली, म्हणजे वत्सगुल्मची. 'काव्यमीमांसा' या ग्रंथात तर काव्यपुरुषाचं लग्नच त्यानं वत्सगुल्मात लावून दिलंय, साहित्यविद्येशी. राजशेखर लिहीत होता तेव्हा ती साहित्यातली प्राकृत कुणाच्या घरात बोलली जात नव्हती. तीही शिकूनच घ्यावी लागायची, नियम आणि उदाहरणं घोटून.

मावसभावाला मी एकच गृहपाठ दिला. इंग्रजी पंधरा दिवस बंद. रोज मराठीतलं एक लांब वाक्य घ्यायचं, उद्देश्याखाली एक रेघ, विधेयाखाली दोन, बाकी सगळं कंसात. सोळाव्या दिवशी तेच इंग्रजी अग्रलेखावर. मराठीत लांब वाक्यं कुठं मिळतील म्हणून त्यानं शासन निर्णय डाउनलोड करायला सुरुवात केली. परवा एकाचा फोटो आला. एकच वाक्य, नऊ ओळी, सात कंस, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. खाली लिहिलं होतं, "दादा, उद्देश्य सापडलं. विधेय पुढच्या पानावर आहे."